‘पंचायत’चा चौथा सीझन : मंजूदेवी परत खुर्चीमागे गेली काय?

राकसकोप (धागाकर्ता)

स्पॉयलर आहेत. ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांनी इथूनच मागे वळावं, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

‘पंचायत’ या हिंदी वेब मालिकेचा चौथा सीझन २४ जून २०२५ ला आला. आठ भाग, दोन रात्रींत संपवले. बाहेर पाऊस, बेळगावात टिळकवाडीत लाईट तीनदा गेली, तरी संपवले. संपल्यावर लक्षात आलं की निकालाचं मला वाईट वाटलेलं नाही. गावच्या प्रधानकीच्या निवडणुकीत विरोधी गटाची क्रांतीदेवी जिंकली, मंजूदेवी हरली. इलेक्शन म्हटल्यावर कोणीतरी हरणारच. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं.

पहिला सीझन आठवा. एप्रिल २०२०, आपण सगळे दारं लावून घरात. प्रधान म्हणजे कागदावर मंजूदेवी, खुर्चीवर नवरा. शेवटच्या भागात २६ जानेवारीचा झेंडा तिनंच फडकवायचा अशी वेळ येते, म्हणून ती राष्ट्रगीत पाठ करते आणि अडखळत का होईना, म्हणते. हा भाग मी आईशेजारी बसून बघितला होता. नीना गुप्तांच्या चेहऱ्यावर तिथं भीती आहे, आणि भीतीच्या खाली थोडी गंमतही आहे, की अगं बाई, जमतंय की मला! ही बाई आता कुठवर जाईल, याची मला खरी उत्सुकता होती. सचिव, टाकी आणि तिची लेक रिंकी हे सगळं त्याच्या नंतर.

आता चौथ्या सीझनात निवडणूक तिचीच आहे. भिंतीवर नाव तिचं, लौकी म्हणजे आपला दुधी हे चिन्ह तिचं. पण डाव कोण टाकतंय? प्रधानजी म्हणजे तिचा नवरा, पंचायतीतला सहायक विकास, उपप्रधान प्रल्हाद आणि बाहेर राहून आत असलेले सचिवजी. ती हात जोडते, चिडते, घरोघर फिरते. तिला स्वतःला प्रधान का व्हायचंय, हे मात्र मला तरी कुठे नीट ऐकू आलं नाही. समोर क्रांतीदेवीचा कुकर, इकडे दुधी, आणि एकदा का माणसांची अशी वाटणी झाली की लेखकाला त्यांच्या मनात डोकवायला सवड राहत नाही असं दिसतं. माझं एकट्याचंच असं झालंय का?

मांडेवाला

रुमाल टाकून ठेवतो. सहा भाग झालेत. शेवटचं आधीच वाचलो, आता काय बघू? स्पॉयलर लिहिलेलं दिसलं होतं, खरं वाचल्याशिवाय राहवलं नाही.

निपाणकर

राकसकोप, अर्धा सहमत. तुम्ही मंजूदेवीवर थांबलात, माझं दुखणं सचिवाचं आहे.

अभिषेक त्रिपाठी पहिल्या सीझनात आला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं? वीस हजार पगाराची नोकरी, एमबीएची पुस्तकं आणि फुलेरा या गावाबद्दलचा राग. ऑफिसची किल्ली हरवते इथपासून त्याची सुरुवात. तिथं प्रत्येक भागात त्याची एक खोड मोडायची. चाकाच्या खुर्चीचा भाग घ्या. गोष्ट खुर्चीचीच, पण त्यातून या पोराचा शहरी माज, एकटेपणा आणि शेवटी गावातल्या माणसांशी जुळणं, हे सगळं न सांगता कळत गेलं. जितेंद्र कुमार त्यात नुसता बसून राहिला तरी भागायचं.

चौथ्यात त्याला कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, ९७ पर्सेंटाइल पडतात. चार सीझन ज्याच्यासाठी दिवा जाळला ती गोष्ट हाताला लागली. मग माणसाच्या आत काहीतरी हलायला हवं ना? जायचं की राहायचं, हाच तर मालिकेचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. तो प्रश्न इथं निवडणुकीच्या गोंधळात भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो. पाचवा सीझन २०२६ मध्ये येणार असं जाहीर झालंय, म्हणजे मुद्दाम राखून ठेवलाय. राखून ठेवणं म्हणजे वाढ नव्हे. तंबाखू वखारीत ठेवली तर मुरते, माणूस ठेवला तर नुसता धूळ खातो. (निपाणीच्या माणसाला दुसरी उपमा सुचत नाही, माफी असावी.)

अनगोळची अनु

मला सीझन आवडला. सगळे शिव्या घालालेत म्हणून मुद्दाम लिहितो.

रिंकीबद्दल कोणीच बोलत नाही. पहिल्या सीझनात ती शेवटच्या क्षणी टाकीवर दिसते, बस, तेवढीच. आता चौथ्यात ती आणि सचिव एकमेकांशी सरळ बोलतात. चार सीझनमध्ये एवढंच प्रेम झालं म्हणून लोक हसालेत. आमच्या गल्लीत दोन वर्षं नुसतं ‘पाणी आलं काय?’ एवढ्यावर चाललेलं प्रकरण मला माहीत आहे. हळू म्हणजे खोटं नव्हे.

पुण्यात_बेळगावी

‘लिहितो’?? अनु की अन्या?

अनगोळची अनु

पुण्याला जाऊन किती वर्षं झाली ओ तुम्हाला? आमच्याकडं पोरीपण ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात हे विसरलात की काय. घरी आईला फोन करून विचारा, ती ‘मी आत्ताच जेवलो’ म्हणेल.

पुण्यात_बेळगावी

फोन केला. ‘मी आत्ताच चहा घेतलो’ म्हणाली. दंडवत, शब्द मागे घेतो.

मुद्द्यावर येतो. मला वाटतं तुम्ही सगळे पहिल्या सीझनच्या मापानं चौथा मोजताय. पहिला सीझन छोट्या छोट्या गोष्टींचा होता. सोलर दिवे, भुताचं झाड, चोरीला गेलेला मॉनिटर. तिथं माणूस आपोआप दिसतो, कारण गोष्टीत दुसरं काहीच नसतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा मुलगा शहीद होतो आणि तिथंच मालिकेची जात बदलली. त्याच सीझनला २०२३ साली गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तर ते पारितोषिक आपल्या चोर्ला घाटाखालीच आलंय अशा थाटात मी ऑफिसात पेढे वाटले होते. एकदा घरात मृत्यू येऊन गेला की परत मॉनिटरच्या चोरीवर हसता येत नाही. लेखकांनी मग राजकारण आणलं. दुसरं काय करणार होते?

निपाणकर

हसता येतं की. तिसऱ्या सीझनातली म्हातारी आठवा, जगमोहनची आजी. घरकुल मिळावं म्हणून नातवापासून वेगळी राहतेय असं नाटक करते. हसायलाही येतं आणि पोटात तुटतंही. आणि त्या प्रकरणात प्रल्हाद ज्या तऱ्हेनं गुंततो, त्यातून मुलगा गेलेल्या बापाचं मन जेवढं कळतं तेवढं दहा रडण्यांतून कळलं नसतं. फैसल मलिकनं तिसऱ्यात कमाल केली आहे. पहिल्या सीझनातला प्रल्हाद म्हणजे नुसता हसवणारा उपप्रधान, आणि आता तो शांत बसला तरी आपलं लक्ष त्याच्याकडे जातं. वाढ म्हणायची तर ही.

बिल कलेक्टर

मी इथं बरीच वर्षं नुसता वाचक. हा धागा बघून खाते उघडलो. नाव बघून पोटापाण्याचं कळलंच असेल. गाव विचारू नये.

घरकुलाचं ते प्रकरण बघून आम्ही ऑफिसात सगळे गप्प. कारण ते उत्तर प्रदेशात होतं आणि इथं होत नाही असं कोण म्हणेल? बसव वसती या घरकुल योजनेची यादी लागली की गावात घरं फुटालेत की काय असं वाटतं. कालपर्यंत एका चुलीवर जेवणारे भाऊ आज वेगळे. रेशनकार्ड वेगळं, मीटर वेगळा, म्हातारी तिसरीकडंच. त्यात आता गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार घरच्या कर्त्या बाईला, म्हणजे सासू आणि सून यांतली कर्ती कोण हा नवा प्रश्न. फुलेराच्या लेखकांनी आमच्याकडं आठ दिवस येऊन राहावं, पाच सीझन फुकट देतो.

एक खुलासा करतो, कारण घरात सगळे मला विचारून भंडावून सोडालेत. तिकडं प्रधान थेट लोकांच्या मतावर निवडून येतो, म्हणून दुधी विरुद्ध कुकर असा सरळ सामना झाला. आपल्या कर्नाटकात लोक फक्त सदस्य निवडतात आणि सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात, तोही अडीच वर्षांचा. त्यामुळे इकडं खरी करमणूक मतदानानंतर सुरू होते. सदस्य गावात दिसायचे बंद होतात. कोण दांडेलीला, कोण गोव्याला, देवदर्शनाला म्हणून. परत येतात ते अध्यक्ष निवडीच्या दिवशी सकाळी, एकाच गाडीतून, एकाच रंगाचे शर्ट घालून. आणि सचिव म्हणजे आमच्याकडं पीडीओ, पंचायत विकास अधिकारी. त्यांच्याकडं कॅटचा अभ्यास करायला वेळ असता तर बरं झालं असतं. उद्योग खात्रीचे, म्हणजे रोजगार हमीच्या कामांचे फोटो अपलोड होईनात म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेले बघितलोय मी.

मांडेवाला

बिल कलेक्टर साहेब, घरपट्टी ऑनलाइन भरलो तरी पावती का येत नाही ते पण सांगा.

बिल कलेक्टर

तो वेगळ्या मालिकेचा विषय. तिला अजून शेवटचा भाग मिळालेला नाही.

वॉर्ड नंबर तीन

नमस्कार. खानापूर तालुका. मी २०१५ च्या इलेक्शनात आमच्या ग्रामपंचायतीला सदस्य म्हणून निवडून आलो होतो. महिला राखीव जागा होती, आमच्याकडं निम्म्या जागा बायकांच्याच असतात. चिन्ह शिलाई मशीन. मला मशीन चालवायला येत नव्हतं खरं, लोक ब्लाऊज शिवायला घेऊन आले प्रचारात.

राकसकोप, तुम्ही मंजूदेवीचं लिहिलात म्हणून मी लिहालोय. टायपिंग भाचीकडून शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिलं वर्षभर सामान्य सभेला मिस्टर जायचे. मी घरी. मग एकदा वरून कोणीतरी येणार म्हणून मला नेलं. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या. माझ्या खुर्चीवर मिस्टर बसले, मी मागच्या बाकड्यावर. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण समोर बसलो असतो आणि कोणी काही विचारलं असतं तर? सगळं कानडीत चाललेलं. मला बाजारापुरतं कानडी येत होतं. ‘एष्टु’ म्हणजे ‘किती’ म्हणायचं आणि पिशवी पुढं करायची, तेवढं. पुस्तकातलं कानडी म्हणजे माझ्यासाठी नुसती जिलेबी. सभा झाली की शिपाई ठरावाचं पुस्तक घरी आणायचा. चूल बाजूला सारून मी सही करायचो, मराठीत.

मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करते तो भाग बघताना मी उठून आत गेलो. लेकीला वाटलं झोप आली.

माझी लेक तेव्हा तिसरीत. मराठी शाळा, पण कानडी विषय असतोच. तिचं कानडीचं पुस्तक घेऊन मी रात्री बसायचो. ती मला शुद्धलेखन घालायची आणि चुकलं की पट्टी दाखवायची. सात-आठ महिन्यांनी शिपाई पुस्तक घेऊन आला, तेव्हा सहीच्या आधी मी पान वाचायला घेतलो. पहिलं काय वाचता आलं, तर माझं स्वतःचं नाव. त्याच्यापुढं ‘हाजरु’. तारीख बघितलो. त्या दिवशी मी बहिणीच्या बाळंतपणाला जांबोटीकडं होतो. पाऊस एवढा की तीन दिवस गाडी नव्हती. आणि इथं कागदावर मी हजर, ठरावाला अनुमोदन पण मीच दिलेलं.

पुढच्या सभेला मी गेलो आणि खुर्चीवर बसलो. काही मोठं बोललो नाही. आमच्या गल्लीत टाकीचं पाणी चढत नाही, वॉटरमनला विचारा, एवढंच. आवाज थरथरत होता.

आता चौथ्या सीझनबद्दल. मंजूदेवी हरते त्याचं मला पण काही नाही, मी २०२० ला उभीच राहिलो नाही, जागा बदलली. पण राकसकोप म्हणतात ते खरं आहे. ज्या बाईला एकदा आपलं नाव वाचता आलं, ती परत न वाचता सही करत नाही. चौथ्यात मंजूदेवी परत न वाचता सही करालीय असं मला दिसलं. लेखक तिचं विसरले.

राकसकोप

ताई, हे वाचून मी दहा मिनिटं काही टाइप करू शकलो नाही. धागा तुमच्या नावावर करून देऊ का?

अनगोळची अनु

ताई, मी सुद्धा.

सांबऱ्याचा वारा

वाचलं, छान लिहिलंय. पण मूळ प्रश्न असा की मराठी सदस्याला कानडीतच कागद का? मराठीत कागदपत्रं द्या ही आपली मागणी १९५६ पासून

संपादक

सांबऱ्याचा वारा, तुमचा उरलेला प्रतिसाद सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवला आहे. मागणीला विरोध नाही, धाग्याच्या विषयाला धरून राहू या. एक नोव्हेंबरला आपला स्वतंत्र धागा असतोच.

सांबऱ्याचा वारा

बरं. पण विषयाला धरूनच होतं ते.

पुण्यात_बेळगावी

खरं तर विषयाला धरूनच होतं. असो.

वॉर्ड नंबर तीन यांचा प्रतिसाद वाचून मला माझंच वरचं म्हणणं थोडं बदलावंसं वाटतंय. तरी एक वेगळी बाजू मांडतो. आपण मंजूदेवीत जे शोधतोय ते कदाचित लेखकांनी क्रांतीदेवीला देऊन टाकलंय. सुनीता राजवारनं उभी केलेली ती बाई आठवा. तिला सत्ता पाहिजे आणि पाहिजे असं ती तोंडानं म्हणते. तिचा नवरा भूषण, म्हणजे गावाचा बनराकस, तिच्यामागे उड्या मारतो, पण घरात आवाज तिचा. आता गंमत बघा, इच्छा असलेली बाई खलनायिका आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारी नायिका. हे फुलेराचं दुखणं आहे की लिहिणाऱ्यांचं?

निपाणकर

हा मुद्दा आवडला. पण क्रांतीदेवीलाही पूर्ण माणूस कुठं केलंय? भांडण, टोमणे, विजयाचा गुलाल. तिला एक तरी एकटीचा प्रसंग हवा होता.

विरोधी गटात खरी वाढ झाली ती एकाचीच, बिनोदची. आधीच्या सीझनात बिनोद म्हणजे भूषणच्या शेपटीला बांधलेला डबा. चौथ्यात प्रधानाच्या घरी त्याला प्रेमानं जेवू घालतात, आपल्या बाजूला ओढायला. तो जेवतो, आनंदानं जेवतो, आणि मग सांगतो की गरीब असलो तरी फितूर होणार नाही. अशोक पाठकच्या चेहऱ्यावर त्या जेवणाचं सुख आहे आणि ते सोडून उठण्याचं दुःखही आहे. अख्ख्या सीझनात मला एवढा एक प्रसंग पहिल्या सीझनच्या तोडीचा वाटला. आणि मजा अशी की त्या प्रसंगात आपले लाडके लोक, ज्यांच्या बाजूनं आपण चार सीझन उभे आहोत, ते लहान दिसतात. ताटाची किंमत वसूल करायला बसलेले.

मांडेवाला

आमच्याकडं इलेक्शनला जेवण दोन्हीकडं जेवतात आणि मत तिसऱ्याला घालतात. बिनोद बेळगावचा नव्हे हे नक्की.

चिकोडी एक्सप्रेस

मी एकही सीझन बघितलेला नाही. हिंदी ग्रामीण समजेल काय? बायकोला कानडी मालिका लागतात, मला मराठी, त्यामुळे घरात शेवटी क्रिकेट चालतं.

बिल कलेक्टर

समजतं की. आणि हिंदी नको असेल तर याच गोष्टीवरून तमिळ आणि तेलुगूतही मालिका झाल्यात, तमिळ २०२४ ला आणि तेलुगू २०२५ ला. कानडी आली की आमच्याच पंचायतीत शूटिंगला देतो, छत तेवढं गळतंय.

राकसकोप

चिकोडी एक्सप्रेस, पहिल्यापासून बघा. चौथ्यापासून सुरू केलात तर तुम्हाला वाटेल आम्ही सगळे उगाच डोकं फोडून घेतोय.

बिनोदवर निपाणकरांशी पूर्ण सहमत. पण त्याच न्यायानं प्रधानजींचं काय, यावर कोणी बोललं नाही, आणि मीही वर त्यांना नुसतं डाव टाकणाऱ्यांत बसवून मोकळा झालो होतो. काल परत दोन भाग बघितले. तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्यांना गोळी लागते. चौथ्यात रघुवीर यादव जो माणूस उभा करतात तो आधीचा ब्रिजभूषण नाही. आवाजातली ती जरब गेलेली आहे. गावात छाती काढून फिरणारा माणूस आता खचलाय आणि खचल्याचं लपवतोय. हे फार बारीक काम आहे आणि पहिल्यांदा बघताना दुधी-कुकरच्या गोंगाटात माझ्या नजरेतून सुटलं.

आणि नेमकं इथं मला वाटतं की मोठी संधी गेली. नवरा खचलाय, खुर्ची मोकळी आहे. बाईनं पुढे व्हायची याहून सरळ वेळ कोणती? लेखक चंदन कुमार यांनी पहिल्या सीझनात तेवढ्या एका राष्ट्रगीतावर अख्खा भाग उभा केला होता. इथं त्यांच्या हातात आयतं होतं.

पुण्यात_बेळगावी

कदाचित म्हणूनच हरवलं असेल. आता पाचव्यात ती प्रधान नाही, नवरा प्रधानपती नाही. दोघं घरी. समोर भूषण नवा प्रधानपती म्हणून खुर्चीत. हे चित्र बघितल्यावर तिच्या डोक्यात काय येईल? मी पाचव्याची वाट बघतोय ती फक्त यासाठी. सचिव आयआयएमला गेला काय आणि न गेला काय.

निपाणकर

सचिव गेला तर मालिकाच संपली ओ.

पुण्यात_बेळगावी

गाव कुठं संपतंय?

अनगोळची अनु

विकासचं कोणीच काही बोलेना! तो आणि खुशबू. बाळ होणार, प्रल्हाद त्या बाळासाठी पैसे देतो. चंदन रॉयचं काम मला नेहमी आवडतं, कारण तो कायम कुणाच्या तरी मागं उभा असतो आणि तरी दिसतो. त्याची वाढ झाली नाही म्हणाल तर नाही झाली. आमच्या घरात पण एक काका आहेत, चाळीस वर्षं जसेच्या तसे. लग्नात सगळी कामं तेच करतात, फोटोत कुठंच नाहीत. प्रत्येकाची वाढ कशाला पाहिजे?

मांडेवाला

+१. सगळे बदलले तर ओळखायचं कुणाला?

उरलेले दोन भाग आत्ता संपवलो. वाईट नाही. शेवटाला घरात कोणीच काही बोललं नाही, फक्त बाबा म्हणाले, मतमोजणीला आपला माणूस आत पाहिजे होता.

बिल कलेक्टर

वॉर्ड नंबर तीन ताई, एक विचारू? राग मानू नका. मिस्टरांनी हा सीझन बघितला काय? आणि खुर्चीवर तुम्ही बसलात त्या दिवशी ते कुठं बसले? मी टेबलाच्या या बाजूचा माणूस. सदस्य बाईंच्या मिस्टरांना ‘या ओ, बसा’ म्हणून मी स्वतः किती वेळा म्हटलोय ते आता मोजालोय.

वॉर्ड नंबर तीन

राग कशाला. शेतात रोप लावण चालू आहे, म्हणून उत्तराला वेळ झाला. दिवसभर चिखलात, संध्याकाळी कंबर सरळ होईना.

बघितला सगळा. प्रधानजींना गोळी लागल्यावर ते गप्प गप्प बसतात तो भाग मिस्टरांनी परत लावायला लावला. का म्हणून विचारलो नाही.

त्या दिवशी मी खुर्चीवर बसलो तेव्हा ते दाराशी उभे राहिले. मग बाहेर जाऊन गाडीवर बसले. घरी येताना गाडीवर मागं बसून मी म्हटलो, रागावलात काय? म्हणाले, पेट्रोल कमी आहे, बोलू नको. पेट्रोल आणि बोलण्याचा काय संबंध ते मला आजपर्यंत कळलं नाही.

आत्ता हे सगळं त्यांना वाचून दाखवलो. म्हणाले, माझी बाजू पण लिही. लिहितो. ते म्हणालेत, मी खुर्ची कधी मागितली नव्हती. पहिल्या दिवशी हिला सोडायला म्हणून गेलो, तर शिपायानं खुर्ची पुसली आणि माझ्याकडं सरकवली. हिच्याकडं नाही. सगळे बघत होते, मी बसलो. दुसऱ्या वेळी कोणी पुसली पण नाही, मीच जाऊन बसलो.

आणखी पण सांगालेत काहीतरी, खरं दूध उतू जालंय. उद्या लिहितो.